औषधाच्या खिडकीवरची ती बाई

आज सकाळी मला एका बाईचा हेवा वाटला. चांगलाच वाटला, अजून जळतेय.

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. त्याच्या बीपीच्या गोळ्या आणायला आम्ही दर महिन्याला खातीपुऱ्याहून दवाखान्यात जातो. खिडकीवरचे भैया बोलतात, मी ऐकते आणि नवऱ्याला दोन खुणांत सांगते: सकाळी एक, खाल्ल्यावर.

आज भैयांनी सरळ मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. मला म्हणाले, "मॅडमजी, अब आपको तकलीफ नहीं." स्क्रीनवर व्हिडिओ कॉलवर एक बाई, साइन लँग्वेजमध्ये औषधं समजावणारी.

तिचे हात इतके भराभर चालत होते की मला निम्मंही कळेना. आमच्या खुणा घरच्या. त्याच्या शाळेतली भाषा मी कधी धड शिकलेच नाही. नवरा मात्र खुलला. प्रश्नावर प्रश्न. गोळी दाखवली, डोकं धरलं. चक्कर येते, एवढं मला कळलं.

चक्कर? मला कधी सांगितलं नाही ते. वर ती काहीतरी म्हणाली आणि हा चक्क हसला. मी पिशवी धरून बाजूला उभी.

बस स्टॉपवर आल्यावर मी खुणेने विचारलं, "काय म्हणाली ती? गोळी बदलली का?"

त्याने रस्त्याकडे बघत हात हलवला. "नंतर सांगतो."

हे वाक्य माझं आहे. पाहुण्यांत, जेवताना, डॉक्टरांसमोर, "काय म्हणाले?" असं त्याने विचारलं की लग्नापासून मीच त्याला ते म्हणत आलेय.

आता संध्याकाळ झाली. मी अजून वाट बघतेय. तुमच्या घरी हे वाक्य कोणाच्या वाट्याला येतं?