ते तुमचे कोण?

मी तिसरीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घरी जा. म्हातारबा..." मामंजी गेले त्याला दीड महिना झाला. भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी टेकता टेकताच विचारलं, ते तुमचे नेमके कोण? म्हणून हे लिहिते आहे.

ते माझे सासरे. पहिल्या नवऱ्याचे वडील. सोलापूरच्या गिरणीत मागावर त्यांचा जन्म गेला. बहात्तरच्या दुष्काळात दिनकर काविळीने गेला, तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेरावं उरकताच मंगळवेढ्याहून माझा भाऊ न्यायला आला. मामंजींनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "तिला इचारा की. ती काय गाठोडं हाय व्हय, हितनं उचलून तितं ठिवायला?" मी राहिले. त्यांनी मला शिक्षिकेच्या कोर्सला घातलं. सकाळच्या भाकरी स्वतः थापायचे... वाकड्यातिकड्या, पण गरम.

नोकरी लागल्यावर शाळेतल्या पवार मास्तरांनी मला मागणी घातली. मामंजी माझ्याबरोबर येतील, हे मी आधीच सांगितलं. मास्तर लगेच हो म्हणाले, अडून बसले ते मामंजीच. "सुनंच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरात मी कोन म्हनून ऱ्हाऊ?"

"मग मी लग्नच करत नाही."

चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दाढी करून आले आणि म्हणाले, "मास्तरला सांग, मला चा लई लागतो."

भावकीने आम्हाला टाकलं. रेशनकार्डावर मामंजींचं नाव चढवायला गेलो, तर कारकून अडला. "म्हातारबा, यांचे तुम्ही कोण?"

"बाप लिवा."

"दोघांपैकी कुणाचा?"

"दोगांचा. लिवा की!"

त्याने लिहिलं.

ते गेले त्या दिवशी माळशिरसहून पुतणे आले. आमच्या लग्नानंतर एकदाही न फिरकलेले. "अग्नी आमी देनार. रक्त आमचं हाय." मी मडकं उचललं. म्हटलं, "रक्त तुमचं असेल. पंधरा दिवस ते तापाने फणफणत होते, तेव्हा कुठे होतात?" बाईच्या हातून गती मिळत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अग्नी मीच दिला. आजही कुणाची माफी मागावी असं मला वाटत नाही.

तेराव्यानंतर त्यांचं अंथरूण आवरताना गादीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिनकरचा फोटो निघाला. चार वर्षं मास्तरांच्या घरात त्यांनी तो बाहेर काढला नव्हता, कधी विषयही काढला नाही... मला रडू आवरेना. मास्तरांनी हातोडी शोधली आणि पुढच्या खोलीत दोन खिळे ठोकले. आता बापलेक शेजारी शेजारी आहेत, दारातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसतात. हा तरुण कोण, असं लोक विचारतात. मी तोंड उघडायच्या आत मास्तर सांगतात, "आमच्या घरातला."