शालनचं पहिलं यंत्र

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. एवढ्या काळात शाळेच्या आठवणी सांगायला लोकांनी मला कितीदा बोलावलं. मी सांगितल्याही, पण ही एक वगळून. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणतो, तिथेही ही कधी मनात येऊ दिली नाही. सव्वा महिन्यापूर्वी अशाच एका रविवारी उपासना आटोपून बाहेर आलो, तर पाथर्डीहून फोन. शालन गेली. वर्कशॉपमध्ये काम करता करताच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन करणारी मुलगी तिच्याच हाताखाली वेल्डिंग शिकलेली. म्हणाली, "सर, ताई तुमचं नाव लई घ्यायच्या. म्हनून पहिला फोन तुमाला केला."

नंतर तिच्यावर बरंच छापून आलं. साठवणीच्या चाळीत कांदा चढवणारा तिचा सरकता पट्टा, ऊसतोड करणाऱ्या बायांच्या हाताला बसेल असा तिचा कोयता, शाळाशाळांतून मुलींपुढे केलेली भाषणं... सगळं खरं. पण एका मजकुरात असं वाक्य होतं की, शिक्षकांनी बनवलेलं आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनात पहिलं आलेलं एक यंत्र पाहून शालनला यंत्रांची गोडी लागली. तो शिक्षक मी. आणि ते वाक्य खोटं आहे. ते यंत्र शालननंच केलं होतं, नववीत असताना.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवायचो. दिवाळी झाली की निम्मे बाक रिकामे व्हायचे. आईबाप ऊसतोडीला कारखान्यांवर जायचे आणि पोरंही त्यांच्याबरोबर. शालनची आई आदल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना घसरली होती, तेव्हापासून कंबरेत वाकून चालायची. ते पाहून या पोरीनं भंगारातल्या सायकलींचे भाग जमवले. लाकडाची उंच चौकट, वर-खाली दोन चाकं, त्यांवर गोल फिरणारी लांब चेन, चेनला आकडे. खाली पेडल फिरवलं की एका बाजूनं मोळी वर जायची आणि दुसऱ्या बाजूनं रिकामे आकडे खाली यायचे. "रहाट हाय सर," ती म्हणाली, "पन पान्याचा न्हाई, उसाचा." मी शिक्षकी शंका काढली, मध्येच पेडल सुटलं तर मोळी अंगावर येईल की! तिनं पेडल सोडून दिलं. मोळी होती तिथंच लटकत राहिली. "फ्रीव्हील चौकटीला पक्कं बसवलंय, ते उलटं फिरत न्हाई. तुमी रोज सायकलवर येता की सर, कधी बघितलं न्हाई व्हय?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

प्रदर्शन डिसेंबरात. विद्यार्थ्यानं स्वतः यंत्राशेजारी उभं राहून परीक्षकांना उत्तरं द्यायची, असा नियम. शालन तर दिवाळीनंतर लगेच निघणार. आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावाला कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, कोण सांभाळणार? जाताना म्हणाली, "मी न्हाई तर न्हाई सर, पन हे तेवढं न्या." शिक्षकांनी बनवलेल्या साहित्याचा वेगळा विभाग असायचा. तिथल्या अर्जावर मी माझं नाव लिहिलं. नाहीतर यंत्र शाळेतच पडून राहील, असं स्वतःला सांगितलं. मुख्याध्यापकही म्हणाले, "सगळे असंच करतात." तालुक्याला नेईपर्यंत ते कारण खरंही असेल. पण जिल्ह्याला परीक्षकांनी विचारलं, "फ्रीव्हीलची कल्पना कशी सुचली?" तेव्हा नियमानं माझं तोंड धरलं नव्हतं. मी म्हणालो, "रोज सायकलवर शाळेत जातो, तिथूनच." तिनं मला मारलेला टोमणा मी स्वतःची हुशारी म्हणून ऐकवला. पहिला नंबर आला. सत्कार झाले, आणि पुढे कितीतरी वर्षं ‘यंत्रवाले सर’ हीच माझी ओळख राहिली.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती परत आली. यंत्र शाळेत काचेच्या कपाटाशेजारी उभं, त्यावर माझ्या नावाची पाटी. ती पाटी वाचत बराच वेळ थांबली. मी वह्या तपासत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

"नंबर आला ना सर?"

"आला."

"पहिला?"

"पहिला."

"मंग झालं की." चेनीवर बोट फिरवून म्हणाली, "चेन गंजाय लागलीय. तेल हाय का?"

मी तेल दिलं. तिनं खाली बसून सबंध चेनीला तेल लावलं, हात फ्रॉकला पुसले आणि वर्गात गेली.

दहावीनंतर तिला आयटीआयला घालावं म्हणून मी तिच्या वडिलांकडे चारदा गेलो. गावाला ते माझे उपकार वाटले. मी का गेलो, ते मला माहीत होतं. फिटरच्या वर्गात ती एकटी मुलगी. पुढे पाथर्डीत पत्र्याचं शेड टाकून तिनं वर्कशॉप काढलं आणि शाळांमधून जाऊ लागली. सतरंजीवर पाने, पक्कड, बेअरिंग मांडायची आणि मुलींना म्हणायची, "हात लावा गं. ग्रीस लागलं तर लागू द्या, निघतं. शोध लावनारी बाई कशी दिसती? माझ्याकडं बघा. अन् घरी गेल्यावर आपल्या आयकडं बघा, तिनं चूल, सूप, खुरपं काय काय आपल्या सोयीचं करून घेतलंय ते." त्यातल्या किती मुली आज पॉलिटेक्निकला आहेत, वर्कशॉपमध्ये आहेत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाई यंत्र करते, हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. ती समोर उभी होती.

अशाच एका कार्यक्रमाला तिनं मला पाहुणा म्हणून नेलं. एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमचं पहिलं यंत्र कोणतं?" शालननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे मी जसा पाहायचो, तसं. वाट पाहिली... मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. मग ती मुलींकडे वळली, "पहिलं राहू द्या. दुसऱ्यापासून सांगते."

गेल्या वर्षी ठरवूनच तिच्याकडे गेलो. नगरहून एसटीत बसलो, करंजी घाटात वाक्य जुळवलं, पाथर्डीपर्यंत मनात म्हणत राहिलो. ती एका नव्या पट्ट्याच्या लोखंडी चौकटीवर पंचनं अक्षरं ठोकत होती. तिच्याकडे प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्या मुलीचं नाव असे. "जिनं केलं तिचं नाव, सर. एवढाच माझा हट्ट." मी म्हणालो, "बरोबर आहे." चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, "काही बोलायचं हुतं का सर?" मी म्हणालो, "नाही गं, सहज आलो होतो."

शालन, सहज आलो नव्हतो. ते यंत्र तू केलंस आणि मी ते माझं म्हणून सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर.