कापलेलं कडवं

"ह्या गाण्याचं शेवटचं कडवं कुठं गेलं?"

बाईंनी कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं. सोबत साठीच्या पुढचे एक गृहस्थ, धोतर, हातात टोपी. दोघं हसनाबादहून सकाळच्या एसटीनं आले होते. मी मशीनचं हेड स्पिरिटनं पुसत होतो. हेड म्हणजे फीत जिथं घासून जाते तो भाग. तो रोज पुसावा लागायचा, आणि नेमकं त्याच वेळी कुणी आलं की माझं डोकं फिरायचं.

"कॅसेट अडकत असेल तर दुकानात दाखवा," मी म्हणलं. "इथं फक्त रेकॉर्डिंग होतं."

"अडकत न्हाई. बराबर वाजते. पण गाणं पुरं न्हाई."

मी तेव्हा नवीन जालन्यात एका कॅसेट कंपनीत रेकॉर्डिस्ट होतो. मूळचा शहागडचा. रेडिओ दुरुस्त करता करता ह्या धंद्यात आलो. कंपनी म्हणजे तरी काय, स्टेशन रोडवर दोन खोल्या. एकीत गाणारे, एकीत मी, मधे काच. मागच्या बाजूला कॉप्या काढायची मशीनं. देवाची गाणी, लग्नाची गाणी, जयंतीची गाणी, सगळं आम्ही काढायचो. कॅसेटचे दिवस होते ते. रिक्षा, पानटपरी, पिठाची गिरणी, जिथं जावं तिथं कॅसेट वाजत असायची.

गृहस्थांनी नाव सांगितलं, रंगनाथराव. हसनाबादला त्यांची जुनी शेती. बाई तिथल्या शाळेत शिक्षिका, सुमन मॅडम.

"हे गाणं गयाबाईचं आहे," रंगनाथराव म्हणाले. "माझ्याच वावरात निंदायला यायची ती."

मी कव्हर उलटून बघितलं. छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'.

"गयामायला लिहिता येत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "तिची गाणी मी वहीत उतरून ठेवते. ह्या गाण्याचं धृपद तर तुम्हाला पाठच असंल."

पाठ होतंच. अख्ख्या मराठवाड्याला पाठ होतं.

*वही घे गं लेकी, वही घे*
*अंगठ्याच्या जागी सही घे*

"आता हे ऐका." त्यांनी वही उघडली, पण बघितलं नाही. तोंडपाठ म्हणल्या.

*हसनाबादची गया जुळविते गाणं*
*निंदताना लेकीला एवढंच म्हणणं*
*माझं नाव न्हाई गं कोणत्या वहीत*
*तुझ्या तरी नावाची सही घे*

स्पिरिटचा बोळा माझ्या हातात तसाच राहिला. हे कडवं मी ऐकलं होतं. ह्याच खोलीत, हेडफोन लावून.

झालं होतं ते असं. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही जयंतीसाठी ही कॅसेट काढली. गायक बाहेरचा होता, त्याची स्वतःची गायन पार्टी होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. सहा गाणी बसवली आणि बाजू चाळीस सेकंदांनी वर गेली. शेठजी माझ्या खुर्चीमागं उभे.

"शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं उडवा," ते म्हणाले.

"गाणं अपुरं राहील शेठ."

"लोक धृपदावर कॅसेट घेतात, अंबादास. शेवटच्या कडव्यावर कुणी घेतली का आजपर्यंत?"

मी उडवलं. मूळ रेकॉर्डिंग मोठ्या स्पूलवर, म्हणजे फितीच्या रिळावर असतं. नको तेवढी फीत बाहेर ओढायची, दोन्ही टोकं ब्लेडनं तिरकी कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. तिरकी अशासाठी, की सांधा कानाला लागू नये. माझा सांधा कुणालाच लागला नाही. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता, आता लपवून काय करू? पंचवीस-तीस फूट फीत केराच्या डब्यात गेली.

आपल्याकडं गाणं रचणारा आपलं नाव शेवटच्या कडव्यात घालतो. अभंगात असतं ना, तसंच. कागद नाही, शिक्का नाही, नाव गाण्याच्या पोटात बसूनच गावोगाव फिरतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या वेळी मला कडवं दिसलं नाही, चाळीस सेकंद दिसले. वर दुसरी चूक केली. कव्हर छापायला माहितीचा कागद भरायचा होता. गीतकाराच्या रकान्याशी अडलो. गायक निघून गेला होता. नाव तासाभरापूर्वी माझ्याच कानावरून गेलेलं, पण आठवेना. आठवायचे कष्टही घेतले नाहीत. लिहिलं 'पारंपरिक'. आमच्या धंद्यात विचारायचा कंटाळा आला की हा शब्द लिहितात.

गाणं तुफान चाललं. आमच्या कॅसेटवरून दुसऱ्या पार्ट्यांनी उचललं. बँडवाले लग्नात वाजवायला लागले. त्याच चालीवर दुसरे शब्द बसवून गाणी निघाली, त्यातली दोन-तीन तर मीच रेकॉर्ड केली. ठेका तोच, ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडायची लकब तीच. कुणाची विचारलं तर सगळे म्हणणार, जुनीच चाल आहे.

"हसनाबादला कुणाला विचारायची गरज न्हाई," रंगनाथराव म्हणाले. "निंदणीला बायका तिच्या शेजारची पात धरायसाठी भांडायच्या. मी बांधावर बसायचो. बायकांना वाटायचं, मालक काम बघून राह्यला. काम कशाचं बघतो! मी गाणं ऐकून राह्यलो असायचो."

"मग आत्ताच काय झालं?" मी विचारलं.

मॅडम इतका वेळ उभ्या होत्या, त्या आता बसल्या.

"यंदा शेजारच्या गावात कार्यक्रमाला तिला बोलवलं. मी सोबत गेल्ते. हे गाणं म्हणताना ती शेवटच्या कडव्यावर आली अन् एका कार्यकर्त्यानं तिच्या हातातून माईक काढून घेतला. म्हणला, आजी, पारंपरिक गाण्यात स्वतःचं नाव घुसडू नका. मी वही दाखवली तर म्हणतो, वहीत काय, कुणी बी लिहील. ही कॅसेट काढून सगळ्यांना दाखवली. छापलेलं बघा म्हणे."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! तव्हापासून ती गात न्हाई. वावरात न्हाई, घरात न्हाई, कुठंच न्हाई. चोर ठरवलं हो तिला. तिच्याच गाण्यावर."

कडवं मीच कापलं, 'पारंपरिक'ही मीच लिहिलं, हे त्यांना सांगून टाकलं. त्यांना कापलेली फीत हवी होती, पुरावा म्हणून. ती तर त्याच संध्याकाळी केरात गेली होती. तसं सांगितलं.

रंगनाथराव म्हणाले, "फीत न्हाई तर तुम्ही चला. पौर्णिमेला आमच्याकडं विहारासमोर कार्यक्रम आहे, आजूबाजूची गावं येतेत. माईकवर सांगा काय झालं ते."

शेठजींना विचारणं भाग होतं.

"तिथं जाऊन कंपनीची अब्रू काढणार?"

"कंपनीची नाही शेठ. माझी."

"तुमची अन् कंपनीची अब्रू वेगळी आहे का?" त्यांनी पेनचं टोपण लावलं. "जा. पण कंपनीचं नाव घेऊ नका."

ते जमण्यासारखं होतं. नाव न घेण्याचा सराव आम्हाला चांगलाच होता.

पौर्णिमेला दुपार उतरल्यावर हसनाबादला पोचलो. विहारासमोर मांडव, पुढं बायका, मागं माणसं, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच बसलेली. गयाबाई पहिल्या रांगेत होती. मी मनात कोण मोठी बाई बघितली होती कोण जाणे, ती अगदी लहानखुरी होती. माझ्याकडं बघत होती, पण रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मॅडमनी माझं नाव पुकारलं. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, माईकपासून एक वीत लांब राहा, श्वास आवाजात येऊ देऊ नका. माझी पाळी आली तर सगळा श्वासच.

"वही घे गं लेकी हे गाणं गयाबाईंचं आहे," मी म्हणलं. "त्यात त्यांच्या नावाचं कडवं होतं. बाजूवर जागा नव्हती म्हणून मी ते कापलं. कव्हरवर पारंपरिक लिहिलं, तेही मीच. त्यांनी कुणाचं काही घेतलेलं नाही. आम्ही त्यांचं घेतलं."

रंगनाथराव मला म्हणाले होते, लोक टाळ्या वाजवतील. कुणी वाजवल्या नाहीत. गयाबाई जागेवर उभी राहिली.

"कापायच्या आधी ऐकलं होतं का ते कडवं?"

"ऐकलं होतं."

"पुरं?"

"पुरं."

"मंग म्हणा."

मला कळेना. "मावशी, मला गाता येत नाही."

"म्या कुठं गा म्हणलं? कापलं तुम्ही, तर भरा बी तुम्हीच."

मी म्हणायला लागलो. गद्यात, रेशनच्या दुकानात नावं वाचतात तसं. हसनाबादची गया जुळविते गाणं. निंदताना लेकीला एवढंच म्हणणं. तिसरी ओळ तोंडाशी आली आणि मी थांबलो. पाठ नव्हती असं नाही. ती ओळ त्या बाईच्या तोंडावर म्हणायची हिंमत होईना.

ती पुढच्या बायकांनी म्हणली. पन्नासेक बायका असतील, चालीत, खाली बघत. *माझं नाव न्हाई गं कोणत्या वहीत.* मग मागच्या माणसांनी धरली. ट्रॉलीतल्या लोकांनी धरली. ज्या कडव्याला कॅसेटमध्ये जागा नव्हती ते ह्या लोकांनी इतकी वर्षं तोंडात सांभाळलं होतं. चौथ्या ओळीला सगळे थांबले, आणि ती तिनं एकटीनं म्हणली. आवाज फाटलेला, पण शेवटी खाली सोडला तो बराबर तिथंच. सुमन मॅडम पदरात तोंड घालून रडल्या. माझेही डोळे भरले. लाजेनं भरले, उगीच दुसरं काही सांगत नाही.

कॅसेटचा नवा लॉट निघणार होता. मी शेठजींना म्हणलं, कव्हर बदलू आणि कडवंही घालू. कव्हरला ते तयार झाले. कडव्याला म्हणाले, "घाला. पण बाजू तीस मिनिटांवर गेली न्हाई पायजे. कुठून काढायचं ते तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे गाडी पुन्हा चाळीस सेकंदांवर.

गयाबाई नवीन जालन्याला आली. सोबत मॅडम आणि रंगनाथराव. पूर्ण गाणं म्हणायला तिचा दम पुरत नव्हता, म्हणून जुन्या रेकॉर्डिंगला शेवटी तिच्या आवाजातलं कडवं जोडायचं ठरलं. तिनं हेडफोन लावला नाही. पेटी नको म्हणली, ढोलकी नको म्हणली. एकदाच म्हणलं. मी काचेच्या अलीकडं बेचाळीस सेकंद मोजले.

मग तिला आणि त्या दोघांना माझ्या खोलीत बसवलं, जुनं स्पूल चढवलं आणि कुठं काय कापता येईल बघायला गाणं पहिल्यापासून लावलं. हातात स्टॉपवॉच. बेंजो सुरू झाला. मग क्लॅरिनेट. मग पुन्हा बेंजो. मी काटा बघत होतो आणि माझे कान गरम व्हायला लागले.

"हे काय वाजून राह्यलं इतका वेळ?" गयाबाईनं विचारलं.

"सुरुवातीचं म्युझिक आहे, मावशी."

"गाणं कव्हा सुरू व्हतं?"

"आता होईल."

पंचावन्न सेकंदांनी गाणं सुरू झालं. तिनं स्पूलकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे तव्हा बी व्हतं?"

"होतं."

रंगनाथराव खिडकीबाहेर बघायला लागले. मी ब्लेड घेतलं आणि बेंजो कापला. दोन मिनिटांचं काम. तेव्हाही दोन मिनिटांचंच होतं. पण त्या दिवशी शेठजींना, गायकाला, मला, कुणालाच ते सुचलं नव्हतं.

नव्या कव्हरवर 'गीत व चाल : गयाबाई, हसनाबाद' असं आलं. शेठजी म्हणाले, शेवटी एकदम म्हातारीचा आवाज येतो, विचित्र वाटतं. वाटतंच. हा सांधा कानाला लागतो, आणि मी तो तसाच ठेवला. गयाबाई पुढं दोन-तीन वर्षं कार्यक्रमांना गायली. कुणी माईक काढून घेतला नाही. जुन्या कॅसेटी मात्र ज्यांच्या घरात गेल्या होत्या तिथं तशाच वाजत राहिल्या. गेलेली कॅसेट परत बोलावणारं मशीन काही निघालं नाही.

त्यानंतर कंपनी बंद होईपर्यंत मी त्या खोलीत होतो. गाणारा आत आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, हे रचलं कुणी? पुष्कळ जण वैतागायचे. "टाका ना साहेब पारंपरिक, जल्दी करा." उत्तर मिळेपर्यंत मी माईक चालू करत नसे.