चार्जरला घातलेला हार

खांदा कॉलनीच्या पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवला, पण त्याला वीजच जोडली नव्हती. तरीही तिथला म्हातारा वॉचमन रोज तो आपल्या पंच्याने पुसायचा. दसऱ्याला त्याने चार्जरला झेंडूचा हार घातला. बॅटरी संपलेली स्कूटर ढकलत आलेला मी वैतागून म्हणालो, “बंद मशीनची कसली पूजा, काका?”

“हितं आमचा शेत होता,” हार सारखा करत तो म्हणाला. “सरकारनं घेतला तवा पोराला नोकरी देतो बोलले. पोरगा चाळीसचा झाला. वाट बघायची आमाला सवय हाय.”

पुढच्या दसऱ्याला म्हातारा नव्हता. त्याच्याच चेहऱ्याचा एक चाळिशीचा माणूस त्याच पंच्याने तो बंद चार्जर पुसत होता. पोराला नोकरी लागली होती.