नवस माझ्या नावावर

देवाविरुद्ध तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे दाखल करावी, हा प्रश्न मला गेल्या आषाढात पडला होता. माझी सारी नोकरी हैदराबादच्या एका कार्यालयाच्या विधी शाखेत गेली. अन्याय दिसला की मी पत्र लिहितो, पोचपावती घेतो आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवतो. अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत माझी पत्रे प्रसिद्ध आहेत आणि माझा संतापही. परंतु या वेळी प्रतिवादी प्रत्यक्ष आमचे कुलदैवत खंडोबा होते.

माझी सून वैशाली हिची दोन गरोदरपणे अर्ध्यावरच संपली होती. तिसऱ्या खेपेस तिने आधीपासून तयारी केली. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या, पालेभाज्या, डाळी, दूध, सारे नेमाने घेतले. दिवस राहिल्याचे कळताच मात्र ती देव्हाऱ्यासमोर बसली आणि कोणालाही न विचारता नवस बोलून मोकळी झाली. बाळ मांडीवर येईपर्यंत दिवसातून एकदाच जेवीन आणि रविवारी, म्हणजे खंडोबाच्या वारी, पाण्याशिवाय काही घेणार नाही. आमच्या घराण्यात नवसाचा उपास ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पोटुशी बाई तो बोलेल, असे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहून चष्मा काढला. “रक्त कमी आहे. बाळाची वाढ हवी तशी नाही. दर तीन तासांनी पोटात काहीतरी गेलेच पाहिजे. असेच चालले तर मी बाळाची हमी देऊ शकत नाही.”

घरी आल्यावर मी तिला समोर बसवले. म्हणालो, “ज्या करारात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान होते आणि त्या व्यक्तीचे म्हणणेच ऐकून घेतलेले नसते, तो करार टिकत नाही. बाळाची संमती घेतली होतीस?”

“बाबा, आता काय देवाला नोटीस धाडता?” ती हसली आणि हसता हसता रडू लागली. “दोन वेळा सगळं नीट खाल्लं होतं मी. तरी गेलं ना? आता उपास मोडला आणि काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू?”

“अहो, तुमचं कोर्ट उठवा आता,” माझी पत्नी कुसुम म्हणाली. “पोरीचे पाय गार पडलेत.”

मी गावी आमच्या गुरुजींना फोन केला. बोललेला नवस फेडावाच लागतो, एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला. तेव्हा मी तेच केले जे मला येते. खंडेरायाच्या नावे रीतसर अर्ज लिहिला आणि देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकाखाली ठेवला. मागण्या दोनच होत्या: एक तर माझ्या सुनेस नवसातून मुक्त करावे, अथवा नवस माझ्या नावावर वर्ग करावा. अर्जाबद्दल मी कोणाला बोललो नाही. खरे सांगायचे तर उत्तराची अपेक्षाही नव्हती. राग कोठेतरी उतरवायचा होता, इतकेच.

त्यानंतरचा रविवार आमच्या भागातल्या बोनालूचा, म्हणजे आषाढातल्या देवीच्या सणाचा होता. नटलेल्या बायका डोक्यावर हळदीकुंकवाने रंगवलेले घट घेऊन देवीकडे जात होत्या, आणि घटातला गूळभात देवीला दाखवून, प्रसाद घेऊन परतत होत्या. वैशाली फाटकाशी बघत उभी राहिली, आणि एकाएकी पायरीवरच बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी घेऊन धावलो. तेवढ्यात परतणाऱ्या बायकांतली हिरव्या रेशमी साडीतली एक स्त्री रांग सोडून आमच्या फाटकातून आत आली. तिला मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

“क्या हुआ बेटी? सुबह से कुछ खाए क्या नई?”

“उपास है, आंटी. हमारे खंडोबा का.”

“पेट से होके उपास?” तिने घट खाली उतरवला. “खंडोबा बोले तो हमारे मल्लन्नाच ना! मेरे मायके के देव हैं. पेटवाली कू भूका रखनेवाले देव नई हैं वो.” मग तिची नजर माझ्याकडे वळली. “ये कौन, ससुरे? तो उपास इनकू दे दो. घर के बडे काय के वास्ते होते? तुम खाओ.”

मी पाण्याचा पेला वैशालीच्या हाती दिला. माझ्या अर्जातली दुसरी मागणी, जी मी आणि खंडोबा सोडून कोणालाही ठाऊक नव्हती, ती या बाईंनी भर गल्लीत मंजूर केली होती. तिने घटावरची हळद माझ्या कपाळाला लावली. जन्मात प्रथमच मी वाद घातला नाही. खाली वाकलो आणि म्हणालो, “मंजूर आहे.”

वैशालीने माझ्याकडे पाहिले, देव्हाऱ्याच्या दिशेने पाहिले, आणि हात पुढे केला. प्रसाद आणि तोही आपल्याच देवाच्या माहेरवाशिणीकडून. तो नाकारणे तिलाही शक्य नव्हते. ती घास घास गूळभात खात राहिली. कुसुम दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी आभार मानायला वळलो, तोवर हिरवी साडी गर्दीत मिसळली होती.

डॉक्टरांची अनुमती घेऊन एकभुक्त मी झालो, आणि वैशाली खाऊ लागली. सकाळी दूध आणि भिजवलेले बदाम, मग ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, उकडलेले अंडे, दुपारी ताक, फळे. कुकटपल्लीतल्या तिच्या कार्यालयास मी खरमरीत पत्र लिहिले आणि तिच्यासाठी खाण्याची वेगळी सुट्टी मिळवली. अमुक खाऊ नको, तमुक खाऊ नको, असे सांगायला येणाऱ्या प्रत्येकास मी डॉक्टरांचा लेखी आधार विचारला. पुढच्या तपासणीत बाळाची वाढ हवी तशी दिसली. डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मी त्यांच्या टेबलावर चक्क मूठ आपटली.

दिवस भरले आणि नात झाली. तिचे पहिले रडणे दाराबाहेर ऐकू आले, तेव्हा कुसुम म्हणाली, “घ्या! आजोबांवर गेलीय, आल्या आल्या तक्रार.”

बाराव्या दिवशी वैशालीने स्वतः गूळभात रांधला, नैवेद्य दाखवला आणि पहिला घास माझ्या तोंडासमोर धरला. “बाबा, घ्या. नवस फिटला.” इतक्या महिन्यांची भूक त्या एका घासात गोड झाली. त्या बाई कोण होत्या याची चौकशी मी केली नाही, करणारही नाही. अर्ज करणे माझ्या हातात होते. तो कोणाच्या मुखातून, कोणत्या भाषेत मंजूर व्हावा, हे ठरवणारा मी नव्हे. अर्ज अद्याप टाकाखालीच आहे. त्याच्यावर आता नातीच्या कपाळाला लावायची हळद ठेवलेली असते.