टावर चौकातली दोन वेण्यांची मुलगी

परदेशातल्या एका युद्धावरून टावर चौकाजवळच्या शाळेतली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. अर्धी 'युद्ध थांबवा' म्हणत होती, अर्धी त्यांना डरपोक म्हणत होती. दोन वेण्यांची एक मुलगी चवड्यांवर उभी राहून युद्धाविरुद्ध सगळ्यांत मोठ्यानं हिंदीत ओरडत होती. समोरच्या गटातली एक मुलगी ओरडून ओरडून खोकू लागली, तशी हिनं घोषणा थांबवून आपली पाण्याची बाटली तिला दिली. वर मराठीत म्हणाली, "हळू पी गं."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते; तिला विचारलं, "अगं, ती तर तुझ्या विरुद्ध आहे ना?"

"हो काकू, पण हिचा गळा बसला तर मी बहस कोणाशी करू?"

तेवढ्यात प्राचार्या तणतणत आल्या. "क्लास से सबसे पहले कौन उठा? उसके घर फोन लगाती हूँ!"

दोघी एकदमच म्हणाल्या, "मैं!"

आणि त्यावरूनही त्यांची जुंपली.