सुमनताईंची लाल पट्टी

मंडळी, आत्ताच उमेळ्याला घरी आलेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजायची माझी नोकरी; त्यासाठी कामणच्या एका गोदामात आम्ही पॅकिंग करणाऱ्या बायकांचं शूटिंग केलं होतं. ते कॉम्प्युटरवर बघत, बाई काय करतेय त्याप्रमाणे मी बटणं दाबायची: भरतेय, चिकटपट्टी लावतेय, रिकामी आहे. शेवटी सॉफ्टवेअर प्रत्येकीची एक रंगीत पट्टी काढून देतं. रिकामा वेळ लाल.

पन्नाशीच्या सुमनताईंची पट्टी सगळ्यांत लाल निघाली. गोदामाचे साहेब आज म्हणाले, "पहिल्यांदा हिला कमी करू."

मी शूटिंगची सीडी पुन्हा लावली. शेजारच्या टेबलावरची मुलगी गरोदर आहे. तिचा खोका भरला की सुमनताई हातातलं काम टाकून जायच्या आणि तो उचलून ठेवायच्या. आणि आपलं टेबल सोडलं की 'रिकामी', हा नियम मीच केला होता!

धावत साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "मग त्या मुलीचे खोके दुसरीच उचलते, असं लिहा. दोघींत कुणाला ठेवायचं ते बघू."

उद्या रिपोर्ट द्यायचाय. खरं लिहिलं तर ती मुलगी जाणार, नाही लिहिलं तर सुमनताई.

शूटिंगच्या दिवशी सुमनताई खास अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या. आज निघताना त्यांनी मला गेटवर गाठलं. "पोरी, त्या पिच्चरमध्ये मी बरी दिसते ना गं?"

मी "छान दिसता" म्हटलं आणि रिक्षात बसले.

तुम्ही काय म्हणाला असता?